प्रायश्चित्तविधी, सामुदायिक (रोमन कॅथलिक)

रोमन कॅथलिक चर्चमध्ये अनेक श्रद्धावंतांनी एकत्र जमून, ईश्वरवचनाचे श्रवण व आत्मपरीक्षण करून, आपल्या पापांबद्दल पश्चात्ताप व्यक्त करण्याच्या आणि पापक्षमा मिळविण्याच्या उपासनाविधीस सामुदायिक प्रायश्चित्तविधी असे म्हणतात. हा विधी सामान्यतः नाताळापूर्वीच्या आगमनकालात (ॲडव्हेंट) आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकालात (लेंट) होतो. त्याचे आजचे स्वरूप दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (१९६२–६५) निश्चित झाले. धर्मगुरूजवळ एकट्याने जाऊन पापे सांगण्याची जी जुनी पद्धत, म्हणजे पापनिवेदन (कन्फेशन, कोकणी भाषिक कॅथलिकांत कुमसार), तिच्याशी या विधीचा संबंध कसा असावा, हा गेल्या अर्धशतकातील चर्चच्या अंतर्गत जीवनातला एक वादाचा प्रश्न आहे. वरवर पाहता तो उपासनेच्या बाह्य रूपाचा वाटतो. प्रत्यक्षात तो उपलब्धतेचा आहे. पापाच्या जाणिवेने अस्वस्थ झालेल्या माणसाला धर्मगुरू केव्हा, कोठे आणि किती वेळ भेटतो, यावर या संस्काराचे अस्तित्व अवलंबून असते.

कॅथलिक सिद्धांतानुसार प्रायश्चित्त हा सात संस्कारांपैकी एक होय. पुनरुत्थानानंतर येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार दिला, असे योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. त्या अधिकाराचा वारसा बिशप व धर्मगुरू यांच्याकडे आला, अशी या संस्कारामागील धारणा आहे. पश्चात्ताप, पापांचे निवेदन आणि धर्मगुरूने सांगितलेले प्रायश्चित्त पार पाडणे ही पापनिवेदकाची तीन कर्तव्ये. पापमोचनाचे शब्द उच्चारणे हे धर्मगुरूचे कार्य. पापांचे मारक व लघू असे दोन वर्ग मानले जातात. लघुपापांची क्षमा प्रार्थना, दानधर्म, मिस्सातील सहभाग अशा अन्य मार्गांनीही होते. मारक पापाच्या बाबतीत मात्र पापनिवेदन आवश्यक असून ते केल्याखेरीज ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेऊ नये, असा नियम आहे. मिस्साच्या आरंभी सर्व उपासक मिळून आपल्या अपराधांची सार्वत्रिक कबुली देतात व धर्मगुरू ईश्वराच्या दयेची याचना करतो. तिला संस्काराचे सामर्थ्य नाही. अनेक भाविकांचा या बाबतीत गोंधळ होतो.

अनेकांनी एकत्र येऊन दोषांची कबुली देण्याची प्रथा इतर धर्मांतही आढळते. बौद्ध भिक्षुसंघात उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण होण्यापूर्वी भिक्षूने आपली आपत्ती म्हणजे नियमभंग सांगावयाचा असतो. जैनांचे सांवत्सरिक प्रतिक्रमण बहुधा समुदायातच होते. कॅथलिक विधीचा विशेष असा, की समुदायात सुरू झालेली ही कृती अखेरीस एका व्यक्तीच्या कानात सांगितलेल्या शब्दांपाशी येऊन थांबते. वाद निर्माण झाला तो या शेवटच्या टप्प्यावरूनच.

सामुदायिक विधी हा नवा शोध नाही, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात. ऐतिहासिक दृष्ट्या ते अंशतः खरे आहे. पहिल्या काही शतकांत प्रायश्चित्त ही सार्वजनिक घटना होती. धर्मत्याग, मनुष्यवध आणि व्यभिचार यांसारखे घोर पाप ज्याच्या हातून घडले असेल, त्याला बिशप प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या वर्गात दाखल करून घेई. अशी माणसे जाडेभरडे कपडे घालून, ख्रिस्तप्रसादापासून दूर राहून, समाजाच्या प्रार्थनांची याचना करीत. रोममध्ये ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी बिशप त्यांना पुन्हा समाजात घेई. सम्राट डिशसच्या काळात, इ. स. २५० च्या सुमारास झालेल्या छळात अनेक ख्रिस्ती लोक श्रद्धेपासून ढळले. त्यांना परत घ्यावे की नाही आणि घ्यावे तर कोणत्या अटींवर, यावरून जो वाद माजला त्यात कार्थेजचा बिशप सिप्रिअन याने मध्यम मार्ग काढला. पण ही पद्धत कठोर होती. बाप्तिस्म्यानंतर असे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे आणि त्यानंतरही वैवाहिक व सार्वजनिक जीवनावर काही बंधने कायमची राहत. परिणामी लोक ते मृत्युशय्येपर्यंत पुढे ढकलू लागले. संस्कार होता, पण जिवंत माणसांच्या आवाक्याबाहेर गेला होता.

ही कोंडी आयर्लंडच्या मठवासीयांनी फोडली. सहाव्या शतकापासून त्यांनी खासगी रीतीने आणि कितीही वेळा घेता येईल असे पापनिवेदन रूढ केले. कोणत्या पापाला किती दिवसांचा उपवास, याची कोष्टके देणारी प्रायश्चित्तसंहितांची पुस्तके ते वापरीत. सेंट कोलंबानस (सु. ५४३–६१५) व त्याचे सहकारी यांच्याबरोबर ही पद्धत यूरोप खंडावर पोहोचली. प्रारंभी तिला विरोध झाला. ५८९ मध्ये भरलेल्या टोलेडोच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने पुनःपुन्हा पापमोचन मागण्याच्या प्रथेचा निषेध केला. परंतु सातव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शालाँ येथे जमलेल्या बिशपांनी ती हितकर ठरविली. पुढे लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने (१२१५) समज आलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे, असा नियम केला. पापनिवेदनात ऐकलेले उघड करणाऱ्या धर्मगुरूस कडक शिक्षाही याच नियमाने ठरवून दिली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये मारक पापांचे प्रकार व संख्या यांसह संपूर्ण निवेदन आवश्यक असल्याचे प्रतिपादन केले. मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याने १५७७ च्या आपल्या ग्रंथात पापनिवेदनाच्या लाकडी आसनाचे व धर्मगुरू आणि पापनिवेदक यांच्यामधील जाळीचे तपशीलवार वर्णन केले. सर्वसामान्य माणसाच्या मनात या संस्काराचे जे चित्र आहे ते त्या काळापासूनचे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पापनिवेदनाला येणाऱ्यांची संख्या फार वाढली. पोप दहावा पायस याने १९०५ मध्ये वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्यास उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये साधारण सात वर्षांच्या मुलांनाही तो मिळावा, असे ठरविले. पहिल्या शुक्रवारच्या भक्तीमुळे दर महिन्याला पापनिवेदन करणे ही अनेक कुटुंबांची रीत बनली. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये रांगा लागत. तत्पूर्वीच्या शतकात फ्रान्समधील आर्स या खेड्याचा धर्मगुरू सेंट जॉन व्हिअॅनी (१७८६–१८५९) दिवसाचे बारा ते सोळा तास पापनिवेदन ऐकण्यात घालवी व लोक दुरून येऊन त्याच्यासाठी दिवसेंदिवस थांबत. तो आदर्श म्हणून सांगितला जातो. मात्र एका माणसाच्या असामान्य सहनशक्तीवर उभी राहिलेली व्यवस्था इतरत्र अपेक्षिता येत नाही, हेही त्या उदाहरणातून दिसते.

दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने उपासनाविषयक संविधानात (१९६३) दोन गोष्टी सांगितल्या : प्रायश्चित्ताच्या विधीची पुनर्रचना करावी आणि जेथे शक्य असेल तेथे संस्कारांच्या सामुदायिक स्वरूपाला प्राधान्य द्यावे. नेदरलँड्स, बेल्जियम व फ्रान्स या देशांत प्रायश्चित्ताच्या सामुदायिक प्रार्थनासभा तोवर रूढ होऊ लागल्या होत्या. पापामुळे केवळ ईश्वर दुखावत नाही, तर समाजही दुखावतो आणि म्हणून समेटही समाजाच्या साक्षीने व्हावा, हा त्यामागील विचार. रोमच्या श्रद्धाविषयक धर्मखात्याने १९७२ मध्ये सामूहिक पापमोचनाबद्दल मार्गदर्शक नियम काढले आणि २ डिसेंबर १९७३ च्या आदेशान्वये प्रायश्चित्ताचा नवा विधिग्रंथ मंजूर झाला.

या विधिग्रंथात तीन रूपे दिली आहेत. पहिल्या रूपात एकच पापनिवेदक व एकच धर्मगुरू असतात. जुन्या पद्धतीत बायबलमधील उताऱ्याची भर घालून ते सिद्ध केले आहे. दुसरे रूप अनेक पापनिवेदकांसाठी आहे, पण त्यात प्रत्येकजण स्वतंत्रपणे निवेदन करतो व प्रत्येकाला स्वतंत्रपणे पापमोचन मिळते. सामुदायिक प्रायश्चित्तविधी असे ज्यास सामान्यतः म्हणतात ते हेच. तिसऱ्या रूपात सर्वांची एकत्रित कबुली होऊन सर्वांना एकदम पापमोचन दिले जाते. याखेरीज, संस्कार नसलेल्या प्रायश्चित्तविषयक प्रार्थनासभांचे नमुनेही परिशिष्टात आहेत. धर्मगुरू उपलब्ध नसलेल्या ठिकाणी त्या उपयुक्त ठरतात.

दुसऱ्या रूपाची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. प्रारंभी गीत, अभिवादन व प्रार्थना होते. नंतर बायबलचे वाचन, प्रवचन आणि आत्मपरीक्षणासाठी काही काळ शांतता. मग सर्वजण गुडघे टेकून किंवा मस्तक लववून सर्वसाधारण कबुलीची प्रार्थना म्हणतात, याचनामाला होते आणि ख्रिस्ताने शिकविलेली प्रार्थना म्हटली जाते. ही शेवटची प्रार्थना कधीही वगळता येत नाही. त्यानंतर चर्चमध्ये ठिकठिकाणी बसलेल्या धर्मगुरूंकडे लोक एकेक करून जातात. सर्वांचे निवेदन संपल्यावर पुन्हा एकत्रित आभारप्रार्थना होऊन विधी समाप्त होतो. ग्रंथातील ही शेवटची पायरी व्यवहारात फारशी टिकली नाही. आपले निवेदन आटोपताच बहुतेक लोक घरी जातात आणि आभारप्रार्थनेला प्रमुख धर्मगुरू, गायकवृंदातील चौघे-पाचजण व रांगेत सर्वांत मागे राहिलेले काही भाविक एवढेच उरतात. एकत्र आलेल्या समाजाने समेटाचा आनंद एकत्र साजरा करावा, ही मूळ कल्पना अशा रीतीने अर्ध्यावरच राहते.

अधिक वाद झाला तो तिसऱ्या रूपावरून. ते कोणत्या परिस्थितीत वापरावे याची परंपरा जुनी व कडक आहे. मोठ्या सणाच्या दिवशी पापनिवेदकांची गर्दी झाली म्हणून त्यांनी अर्धवट निवेदन केले तरी पापमोचन द्यावे, हे मत पोप अकराव्या इनोसंटच्या काळी १६७९ मध्येच त्याज्य ठरविण्यात आले होते. पहिल्या महायुद्धात लढाईवर जाणाऱ्या सैनिकांना सामूहिक पापमोचन देण्याची मुभा मिळाली, कारण प्रत्येकाचे ऐकण्यास वेळ नव्हता आणि मृत्यू समोर होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, रोमने काढलेल्या सूचनेत ही मुभा अन्य तातडीच्या प्रसंगांपर्यंत वाढविली. पण केवळ गर्दी हे कारण पुरेसे नाही, असेही बजावले. चर्चच्या १९८३ च्या धर्मकायद्यातील कलम ९६१ मध्ये याच परंपरेचे सार आहे. मृत्यूचा धोका जवळ असणे ही एक अट. दुसरी अट गंभीर गरजेची : धर्मगुरू इतके थोडे, की उचित वेळात प्रत्येकाचे नीट ऐकणे अशक्य व्हावे आणि त्यामुळे लोकांना स्वतःच्या दोषाविना दीर्घकाळ संस्काराच्या कृपेस किंवा ख्रिस्तप्रसादास मुकावे लागावे. सणाच्या वा यात्रेच्या गर्दीमुळे पुरेसे धर्मगुरू मिळाले नाहीत, तर ती गंभीर गरज ठरत नाही. अशी गरज आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार स्थानिक धर्मगुरूचा नसून बिशपचा आहे. शिवाय अशा पापमोचनानंतर मारक पापे यथावकाश स्वतंत्रपणे निवेदन करण्याचा निश्चय पापनिवेदकाच्या मनात असला पाहिजे. तो नसेल तर पापमोचन वैधच होत नाही. ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बिशपांनी १९८८ मध्ये तो काळ एक महिन्याचा मानावा, असे ठरविले.

नियम इतके स्पष्ट असूनही १९७० च्या दशकापासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वित्झर्लंड इ. देशांतील अनेक ठिकाणी तिसरे रूप नेहमीच्या वापरात आले. टेनेसी राज्यातील मेम्फिसचे बिशप कॅरल डोझियर यांनी डिसेंबर १९७६ मध्ये चर्चपासून दुरावलेल्यांना परत बोलाविण्यासाठी एका मोठ्या क्रीडागृहात समेटाचा विधी करून हजारो लोकांना सामूहिक पापमोचन दिले. विधीला जमलेली गर्दी विलक्षण होती आणि वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेले लोक तीत होते, हे टीकाकारांनाही मान्य करावे लागले. रोमने मात्र या कृतीस संमती दिली नाही. पोप सहावा पॉल यांनी १९७८ मध्ये अमेरिकन बिशपांशी बोलताना सामूहिक पापमोचन अपवादात्मकच राहिले पाहिजे, याची आठवण करून दिली. समेट या विषयावर १९८३ मध्ये रोममध्ये बिशपांची सभा (सिनड) भरली. तिच्यावर आधारित असे पोप दुसरा जॉन पॉल यांचे पत्र डिसेंबर १९८४ मध्ये निघाले. ऑस्ट्रेलियात ही प्रथा खोलवर रुजली होती. १९९८ च्या अखेरीस तेथील बिशपांच्या व रोममधील अधिकाऱ्यांच्या बैठकीनंतर तिचा अवैध वापर बंद करण्याचे ठरले. शेवटी ७ एप्रिल २००२ च्या फर्मानाने पोप दुसरा जॉन पॉल यांनी कलम ९६१ चा संकुचित अर्थच ग्राह्य असल्याचे सांगितले.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. तिसऱ्या रूपाच्या समर्थकांना ते सोयीचे म्हणून हवे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बालपणी जाळीआड मिळालेल्या कठोर वागणुकीने ज्यांची मने कायमची बिथरली होती, त्यांना परतण्याची दुसरी वाट त्यांना दिसत नव्हती. त्याउलट रोमचा मुद्दा असा, की रोग्याने रोग न सांगता दिलेले औषध लागू पडेलच असे नाही. प्रत्येक व्यक्तीला तिच्या नावाने, तिच्या स्थितीनुसार क्षमेचा शब्द ऐकण्याचा हक्क आहे आणि सामूहिक पापमोचनाने तो हक्क नकळत काढून घेतला जातो. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही असाच प्रसंग उद्भवला होता. क्रोनश्टाटचा धर्मगुरू योआन (१८२९–१९०८) याच्याकडे लोटणारी गर्दी इतकी असे, की तो सर्वांना एकत्र पापनिवेदन करावयास लावी व लोक आपापली पापे मोठ्याने ओरडून सांगत.

कोव्हिड–१९ च्या साथीत कलम ९६१ पुन्हा चर्चेत आले. रोमच्या प्रायश्चित्तविषयक न्यायपीठाने मार्च २०२० मध्ये काढलेल्या टिपणात, साथीने सर्वाधिक ग्रासलेल्या ठिकाणी गंभीर गरजेची अट पूर्ण होऊ शकते, असे म्हटले. उदाहरणार्थ, रुग्णालयाच्या कक्षांच्या दाराशी उभे राहून धर्मगुरूने रुग्णांना सामूहिक पापमोचन देणे. ज्यांच्यापर्यंत तेही पोहोचू शकत नाही त्यांच्यासाठी जुन्याच शिकवणीचा पुनरुच्चार करण्यात आला : ईश्वरावरील प्रेमापोटी झालेला पूर्ण पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय यांमुळे मारक पापांचीही क्षमा होते. दूरध्वनीवरून किंवा इंटरनेटद्वारा पापमोचन देता येत नाही, ही भूमिका मात्र बदलली नाही.

तिसरे रूप मागे पडल्यावर दुसऱ्या रूपावरचा भार वाढला. आज जगातील पुष्कळ धर्मग्रामांत (पॅरिश) वर्षातून दोन वेळा होणारा सामुदायिक विधी हाच बहुसंख्य लोकांच्या पापनिवेदनाचा प्रसंग आहे. त्याच्या यशाला धर्मकायद्यातील एक फारसा न चर्चिलेला बदलही कारणीभूत आहे. पूर्वी पापनिवेदन ऐकण्याची अनुज्ञा धर्मगुरूला सामान्यतः स्वतःच्या धर्मप्रांतापुरतीच असे. १९८३ च्या धर्मकायद्यातील कलम ९६७ ने, ज्याला आपल्या बिशपकडून अशी कायम अनुज्ञा मिळाली आहे त्याला ती सर्वत्र वापरता येईल, असे ठरविले. त्यामुळे शेजारच्या धर्मप्रांतातील, मठांतील वा सेमिनरीतील धर्मगुरूंना एका संध्याकाळी बोलावून आणणे सोपे झाले. पाहुणे धर्मगुरू असणे ही पापनिवेदकांच्या दृष्टीनेही सोय ठरते. रोज भेटणाऱ्या, घरी चहाला येणाऱ्या धर्मगुरूजवळ जे बोलवत नाही, ते परक्याजवळ बोलवते.

पण वेळेचे गणित चुकविता येत नाही. एखाद्या विधीस १८० लोक व ६ धर्मगुरू आहेत असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० जण येतात. प्रत्येकास तीन मिनिटे दिली, तरी दीड तास लागतो. त्याआधीचे गीत, वाचन, प्रवचन यांचा अर्धा-पाऊण तास वेगळाच. साहजिकच घाई होते. काही ठिकाणी तर प्रत्येकाने एखादेच पाप सांगावे, सविस्तर नंतर पाहू, असे लोकांना सुचविले जाऊ लागले. रोमच्या उपासनाविषयक धर्मखात्याने २००० मध्ये काढलेल्या परिपत्रकाने या प्रथेबद्दल नापसंती व्यक्त केली. बहुतेकांना तीन मिनिटे पुरतातही. ज्याला पुरत नाहीत, तो मात्र नेमका असा माणूस असतो की ज्याच्यासाठी हा संस्कार विशेषकरून आहे : वीस वर्षांनी आलेला, मोडलेला विवाह किंवा गर्भपात मनात घेऊन आलेला, कोठून सुरुवात करावी हे न कळणारा. मागे रांग उभी आहे, पुढे सहा फुटांवर दुसरा धर्मगुरू कोणाचे तरी ऐकत बसला आहे, अशा स्थितीत तो काय सांगणार? अनुभवी धर्मगुरू अशा वेळी त्याला दुसऱ्या दिवशी स्वस्थपणे भेटावयास सांगतात. तो येईलच याची खात्री नसते.

यातूनच नियमित पापनिवेदनाच्या वेळांचा प्रश्न निघतो. कलम ९८६ नुसार ज्यांच्यावर आत्मिक देखभालीची जबाबदारी आहे अशा सर्वांनी, आपल्याकडे सोपविलेल्या लोकांनी रास्त रीतीने मागणी केल्यास, त्यांचे पापनिवेदन ऐकले पाहिजे आणि त्यांना सोयीच्या अशा ठराविक दिवशी व वेळी तशी संधी दिली पाहिजे. येथे ‘त्यांना सोयीच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सोय पापनिवेदकाची पाहावयाची आहे. चर्चच्या फलकावर शनिवारी दुपारी अर्धा तास एवढीच वेळ लिहिलेली असते आणि तीसुद्धा लग्न वा अंत्यविधी आल्यास रद्द होते, अशी तक्रार अनेक देशांतील भाविक करतात. धर्मगुरूंचे उत्तर असे, की आम्ही बसतो, पण कोणी येत नाही. दोन्ही विधाने खरी असू शकतात. वेळ अल्प म्हणून लोक येत नाहीत आणि लोक येत नाहीत म्हणून वेळ आणखी अल्प होते. वर्षातून दोनदा मोठा विधी होतोच, या समाधानाने हे चक्र अधिकच पक्के होते. ज्याचा अपराध जूनमध्ये घडला आहे त्याने डिसेंबरची वाट पाहावी, अशी कोणाचीच इच्छा नसते. परंतु व्यवस्था तशी बनते.

पापनिवेदनाचे प्रमाण घटण्यास अर्थात इतरही कारणे आहेत. अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका संशोधन केंद्राच्या २००८ च्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश प्रौढ कॅथलिकांनी आपण कधीच पापनिवेदन करीत नाही किंवा वर्षातून एकदाही करीत नाही, असे सांगितले. संततिनियमनाविषयी १९६८ मध्ये निघालेल्या पोपच्या पत्रानंतर अनेक दांपत्यांनी या संस्काराकडे पाठ फिरविली. पापाविषयीच्या कल्पना बदलल्या, मानसोपचाराचा प्रसार झाला आणि पापनिवेदनाशिवायही दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेण्याची सवय झाली. धर्मगुरूंनी केलेल्या बाललैंगिक शोषणाची प्रकरणे उघडकीस आल्यावर विश्वासच डळमळला. पापनिवेदनाच्या गुप्ततेला कायद्याने संरक्षण असावे की नाही, हा वाद त्यामुळे ऑस्ट्रेलियात विधिमंडळांपर्यंत गेला. या कारणांपुढे चर्चच्या फलकावरील वेळ ही बाब किरकोळ वाटेल. तथापि ती चर्चच्या हातातील गोष्ट आहे आणि इतर बहुतेक नाहीत.

तसे प्रयत्न झाले आहेत. वॉशिंग्टनच्या आर्चडायोसिसमध्ये २००७ पासून उपवासकालात दर बुधवारी संध्याकाळी सर्व चर्चमध्ये एकाच वेळी धर्मगुरू पापनिवेदनासाठी बसू लागले. कोणत्याही चर्चमध्ये जा, दिवा लागलेला असेल, अशी त्यामागील कल्पना होती; पुढे इतर धर्मप्रांतांनीही ती उचलली. पोप फ्रान्सिस यांच्या काळात २०१४ पासून उपवासकालात चोवीस तास चर्च उघडी ठेवून पापनिवेदनाची सोय करण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्याच वर्षी सेंट पीटर्स बॅसिलिकात सामुदायिक विधी चालू असताना पोप स्वतः एका सामान्य धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसलेले लोकांनी पाहिले. मिस्सा चालू असताना अन्य धर्मगुरूने पापनिवेदन ऐकण्यास २००२ व २००४ च्या रोमच्या लेखांनी स्पष्ट मुभा दिली आहे. हा उपाय साधा आहे, पण त्याला दुसरा धर्मगुरू लागतो आणि एकच धर्मगुरू तीन-चार गावांना पुरा पडत असेल तेथे तो कागदावरच राहतो.

भारतात पापनिवेदनाची अडचण प्रारंभी भाषेची होती. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर याने १५४२ मध्ये गोव्याहून लिहिलेल्या पत्रात, आपल्याकडे पापनिवेदनासाठी इतके लोक येतात की आपण दहा ठिकाणी असतो तरी प्रत्येक ठिकाणी काम पुरले असते, अशा अर्थाचा मजकूर आहे. पण ती गर्दी मुख्यतः पोर्तुगीज जाणणाऱ्यांची होती. स्थानिक नवख्रिस्ती लोकांचे पापनिवेदन दुभाष्यामार्फत ऐकणे गुप्ततेच्या दृष्टीने गैरसोयीचे होते आणि म्हणून धर्मगुरूंनी लोकभाषा शिकणे भाग पडले. ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स याने रचलेले व १६४० मध्ये राशोल येथे छापलेले कोकणीचे व्याकरण या गरजेच्या संदर्भातही पाहिले पाहिजे. प्रायश्चित्ताची सार्वजनिक बाजूही गोव्यात टिकून आहे. गोवा वेल्हा येथे उपवासकालात निघणारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक मूळची प्रायश्चित्ताचीच. मात्र ती संस्कार नव्हे, भक्तीचा प्रकार आहे.

वसई, मुंबई व गोवा या भागांत धर्मगुरूंचा तुटवडा पश्चिम यूरोपइतका तीव्र नाही आणि पापनिवेदनाची सवय तुलनेने टिकली आहे. उपवासकालात शेजारपाजारच्या धर्मग्रामांचे धर्मगुरू पाळीपाळीने एकमेकांकडे जातात. एका संध्याकाळी एका गावी, दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या गावी. वसईकडे विधी मराठीत, गोव्यात कोकणीत, मुंबईत इंग्रजीसह एकाहून अधिक भाषांत होतो. आत्मपरीक्षणाच्या प्रश्नांत शेजाऱ्याशी असलेला जमिनीचा तंटा, भावाभावांतील अबोला, दारू, मजुरांची बुडविलेली मजुरी असे विषय येतात आणि सामुदायिक विधीचा खरा लाभ येथे दिसतो, कारण एकट्याने पापनिवेदन करताना माणूस अशा गोष्टी सहसा पापांत मोजीत नाही. आखाती देशांत कामास गेलेल्या गोवेकरांची व वसईकरांची स्थिती निराळी आहे. तेथे चर्च मोजकी, उपासकांची संख्या प्रचंड आणि सुटीचा दिवस एखादा; स्वभाषेत पापनिवेदन करावयाचे तर त्या भाषेचा धर्मगुरू केव्हा बसतो हे आधी विचारून ठेवावे लागते.

आजारी व वृद्ध माणसे मात्र कोणत्याही सामुदायिक विधीस येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी धर्मगुरूने घरोघरी जाऊन, सामान्यतः महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या सुमारास, पापनिवेदन ऐकण्याची व ख्रिस्तप्रसाद देण्याची जुनी प्रथा अनेक धर्मग्रामांत आहे. अलीकडे ख्रिस्तप्रसाद पोहोचविण्याचे काम नियुक्त प्रापंचिक सेवकांकडे सोपविले जाते. त्यामुळे प्रसाद वेळेवर मिळतो; परंतु प्रापंचिक सेवकास पापमोचनाचा अधिकार नसतो. पापनिवेदन करावयाचे असल्यास त्या वृद्धाने तसे कळवून धर्मगुरूस मुद्दाम बोलवावे लागते.